उजव्या पायाचा बूट

स्पेनमधल्या एल्दा या बूट करणाऱ्या गावात हेनोवेवा कोण असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. एलादिओची वेवा म्हणालात तर लगेच म्हणतील, "हां हां, ती पायवाली!" तिच्या तोंडाकडे कुणी कधी नीट पाहिलं असेल असं वाटत नाही. तोंड होतंही साधंच. नाक जरा मोठं, हनुवटी आत गेलेली. तिची आईच म्हणायची, "हिला घडवताना देवाचा हात बसेबसेपर्यंत पायच आले." आईच ती, पण जीभ म्हणजे चामडं कापायची रापी!

पायांवर मात्र देवाचा हात खरंच बसला होता. सदतीस नंबर, टाच अरुंद, चवडा भरलेला. ना कुठं हाड वर आलेलं, ना बोट बोटावर चढलेलं. कारखान्यात बूट शिवायला बसलेल्या पोरींमधून एलादिओनं तिला नेमकं उठवलं ते हे पाय पाहून. बायकांचे उंची बूट करणाऱ्याला असा एक पाय जवळ लागतोच. कागदावर देखणा दिसणारा बूट पायात गेल्यावर रडतो, म्हणून प्रत्येक नवा नमुना आधी कुणाच्या तरी पायात घालून बघावा लागतो. एलादिओनं आधी पाय ठरवला आणि मग लग्न ठरवलं. गावातले टवाळ म्हणायचे, "बाकीची बाई त्याला पायाबरोबर फुकट मिळाली." वेवा ते ऐकून हसायची. हसू येत नसलं तरी हसायची.

लग्नानंतर एलादिओनं स्वतःचं छोटं दुकान काढलं. खाली कामाची खोली, वर घर. तिच्याच पायावरून त्यानं पहिलं कलबूत तासून घेतलं. कलबूत म्हणजे बूट ज्याच्यावर ताणून घडवतात तो लाकडी पाय. बाकीच्या सगळ्या नंबरांची कलबुतं त्या एकावरून निघायची. गाव प्लास्टिकच्या कलबुतांवर गेलं तरी हा लाकूड सोडायला तयार नाही. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही, असा माणूस.

आणि नमुना करतात तो एकाच पायाचा, उजव्या. उगाच दोन्ही करून चामडं कोण नासवणार? त्यामुळे आयुष्यभर वेवा कामाच्या खोलीतल्या लाकडी फळीवर अशी उभी राहिली, की उजव्या पायात रेशमासारखं कातडं, उंच टाच, चांदीचं बक्कल. आणि डाव्या पायात घरातली जुनी, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची सपात, खाली विटेचा तुकडा, दोन्ही पाय एका उंचीवर यावेत म्हणून. माद्रिदच्या नि बार्सेलोनाच्या बायकांनी जे बूट घालून मिरवलं ते सगळे आधी वेवानं घातले. पण जोड म्हणून एकही नाही. एकदा, लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, एक गर्द हिरवा बूट निघाला होता, घोट्यावर एक पट्टा असलेला. तो तिला पायातून काढवेना.

"याचा डावाही कर ना माझ्यासाठी," ती म्हणाली.

"तुला कशाला? तू चालतेस कुठं?" एलादिओ तोंडातले खिळे न काढताच म्हणाला.

वाईट माणूस नव्हता हो तो. बोलायचाच तसा. तिनं तो हिरवा बूट काढला, फळीवर ठेवला आणि पुन्हा कधी काही मागितलं नाही.

नमुना पायात घालून बघायचा तो संध्याकाळीच, हा एलादिओचा कायदा. दिवसभरात पाय पसरतो. सकाळी काय, कुठलाही बूट कुणालाही होतो. दिवेलागणीला वेवा फळीवर उभी राही, तो गुडघे टेकून बसे, अंगठ्यानं बुटाचं टोक, बाजू, टाच चाचपी आणि मान वर न करता विचारी, "कुठं चावतोय का?" ती सांगे, करंगळीपाशी, नाहीतर टाचेला मागं. तेवढ्या बोलण्यावर तो चामडं उसवून पुन्हा कापायचा. "टेप खोटं बोलेल," तो सगळ्यांना सांगायचा, "वेवाचा पाय बोलायचा नाही. आणि दोन्ही पाय सारखे आहेत तिचे, तिळाइतका फरक नाही. लाखात एक!"

मूलबाळ झालं नाही. दिवस असेच फळीवर गेले.

साठीच्या अलीकडे तिला पहिल्यांदा कळलं ते न्हाणीघरात. मोजे काढले तर त्यांची कड पायात रुतून बसलेली. तिनं नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच. हळूहळू भरून आला. तिनं दुसरीकडे दाबून बघितलं, तिथंही तेच. वेवाला भीती वाटली. मरणाची नाही. "पाय बिघडला," एवढंच तिच्या मनात आलं.

आता तुम्ही म्हणाल, वेडी बाई, डॉक्टरकडे जायचं सोडून! म्हणा. पण तिच्या जागी उभं राहून बघा. ज्या बाईला सगळ्या गावात एकच गोष्ट येते, आणि ती गोष्ट म्हणजे पाय असणं, तिनं डॉक्टरकडे जाऊन सांगायचं काय? डॉक्टर एलादिओला सांगणार. एलादिओ दुसरा पाय शोधणार. शोधायलाही नको होता, दुसरा पाय खिडकीशी मशीनवर बसलेलाच होता. फुएनसांता नावाची शिवणकाम करणारी बाई, पस्तिशीची, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ आणि मनानं गोड. तिचाही नंबर सदतीस. जेवणाच्या सुट्टीत सगळे थट्टेनं म्हणत, "मावशी, जपून हं! तुमची खुर्ची हलतेय." वेवा हसायची.

तर वेवानं झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली. आधी तिनं बूट बघायची वेळ बदलून घेतली.

"संध्याकाळी मला चर्चमध्ये जपाला जायचंय. यापुढे सकाळी बघत जाऊ," ती म्हणाली.

"इतकी वर्षं देव थांबला, आत्ताच त्याला घाई झाली?" एलादिओ कुरकुरला. पण देवाशी भांडायला तो धजला नाही. रात्रभर पाय उशांवर चढवून ठेवले की सकाळी सूज उतरलेली असे. वेवा उठल्या उठल्या, कॉफीही न घेता, फळीवर उभी राही. "कुठं चावतोय का?" "नाही." एलादिओ खूश. म्हातारपणी हात आणखी साफ झाला आपला, असं त्याला वाटू लागलं.

पुढं पुढं तिला आडवं झोपवेना. पाठीशी उशा लावून ती बसल्या बसल्याच डुलकी घ्यायची. "राणीसाहेब सिंहासनावरच झोपतात काय हल्ली?" तो विचारायचा. ती म्हणायची, पित्त वर येतं. गावाला चढ काही थोडे नाहीत. बाजारातून येताना ती प्रत्येक दुकानाच्या काचेसमोर थांबून आतला माल बघू लागली. दम खायला थांबते हे कुणाला कळू नये म्हणून. लोखंडी खिळ्यांचं दुकानसुद्धा बघायची बिचारी.

एकदा फुएनसांताची नजर तिच्या डाव्या सपातेवर गेली. वेवानं तिची बाजू रापीनं चिरून मोकळी केली होती. डाव्या पायाकडे कुणी बघत नाही, याच भरवशावर.

"मावशी, सपात फाडलीत का?"

"फाटली. जुनी झालीय."

"अशी सरळ रेघेत फाटते होय? अहो, पाय बघा तुमचा, केवढा झालाय! डॉक्टरला दाखवा. माझ्या आत्याचं असंच..."

"तुझ्या आत्याच्या पायात होडी मावली असती. तिचं मला सांगू नकोस. आणि हे बघ, तुझ्या मास्तरांपाशी एक शब्द बोललीस तर तुझी माझी तुटली."

फुएनसांता गप्प बसली. चुकलंच तिचं, पण तिला तरी कसं बोलवणार? बोलली असती तर लोक म्हणाले असते, हिचा डोळा मावशीच्या जागेवरच होता.

त्या वर्षी शरद ऋतू कोरडाठाक गेला. पश्चिमेचा वारा सुटला की थांबायचं नाव नाही; दारं आक्रसली, टेबलांना भेगा पडल्या. पुढल्या वसंताचे नमुने करायची तीच वेळ. एलादिओनं बदामी रंगाच्या मऊ कातड्याचा एक उघड्या गळ्याचा, पाऊल वरून मोकळं ठेवणारा बूट केला होता, त्याच्या हातून निघालेल्या चांगल्या बुटांपैकी एक. सकाळी वेवा फळीवर चढली. पाय रात्री उतरलाच नव्हता. तिनं बोटं आत घातली, टाच दाबली, आणि बूट अर्ध्यात अडला.

एलादिओनं शिंगाची पट्टी घेतली, टाच आत सरकवली. पाय गेला. पण कडेवरून मांस वर आलं.

"हे काय?" तो म्हणाला. "कुठं चावतोय का?"

चावत होता, सगळीकडून चावत होता. मशीन थांबलं. फुएनसांता उठून जवळ आली होती.

"मास्तर, मी घालून बघू का?"

"तुला कुणी विचारलं? मी तिला विचारतोय!" एलादिओ खेकसला. मग वेवाकडे वळून, "बोल ना. कुठं?"

तो एक क्षण. फुएनसांतानं बूट घातला असता तर तो तिच्या पायात बरोब्बर बसला असता, आणि सगळं तिथंच उघडं पडलं असतं. कदाचित वेवा वाचलीही असती. पण वेवानं खिडकीकडे बघितलं, बाहेर वाऱ्यानं धूळ उडत होती, आणि ती म्हणाली, "लाकूड आक्रसलंय, एलादिओ. दारं बघ कशी झालीत. कलबूतही तसंच सुकलं असणार."

एलादिओनं कलबूत उचललं, खिशातली टेप काढून भोवती गुंडाळली. टेपनं माप दाखवलं जसंच्या तसं, केसाचाही फरक नाही. त्यानं पुन्हा मोजलं. मग टेपकडे पाहिलं, दोन्ही हातांत धरून ताणली.

"ही टेपही आक्रसलीय," तो म्हणाला, आणि ती कोपऱ्यातल्या खोक्यात फेकून दिली.

हसू नका. तुमच्याकडे असेल एखादी गोष्ट, जिच्यावर तुम्ही घड्याळापेक्षा जास्त विश्वास ठेवता. त्याची ती वेवा होती. त्यानं त्याच दिवशी कलबुताच्या वरच्या बाजूला आणि दोन्ही कडांना चामड्याच्या पातळ पट्ट्या खळीनं चिकटवल्या, कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, बदामी बूट पुन्हा ताणला. दुसऱ्या सकाळी तो वेवाच्या पायात गेला.

"आता?"

"नाही चावत."

"बघितलंस?" तो फुएनसांताला म्हणाला. "लाकूड खोटं बोललं, टेप खोटं बोलली. हा पाय नाही बोलला."

वेवाला रडू आलं. त्याला वाटलं, बूट फार सुंदर झालाय म्हणून.

त्या पट्ट्या लावलेल्या कलबुतावरून सगळ्या नंबरांची नवी कलबुतं निघाली, आणि त्यांच्यावर सगळ्या हंगामाचा माल. चांभारांचा संत क्रिस्पिन. त्याच्या सणाला सगळं गाव टेकडीवरच्या देवळात जातं. वेवा पायथ्याशी दगडावर बसली. म्हणाली, "तुम्ही जा वर, मी इथून हात जोडते." एलादिओ वर जाऊन दोस्तांबरोबर चार घोट गोड दारू पिऊन आला, आणि तिच्यासाठी रुमालात पाव बांधून आणला. येताना गात होता. त्या हिवाळ्याइतका तो आधी कधी खूश दिसला नव्हता, आणि ते बघून वेवा आणखीच गप्प होत गेली. सांगावं असं रोज तिच्या मनात यायचं. पण हंगामाचा माल कापून झालेला. आता सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तू केलेलं सगळं चुकलंय. तिच्यानं होईना.

वसंतात बूट परत आले.

दुकानादुकानांत माल पोचवणारा बाल्दोमेरो खोकी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. "मास्तर, तुमच्यासाठी मी भांडून आलो बरं का. पण बायका म्हणतात, चालताना टाच बाहेर येते. एक नाही, सगळ्या. दुकानदारीण मला म्हणाली, हे एलादिओचे बूट नव्हेतच."

"तिच्या गिऱ्हाइकांच्या पायांना रोग आहे!" एलादिओ ओरडला. "फुएनसांता, घाल."

फुएनसांतानं बदामी जोड घातला आणि चार पावलं टाकली. टाचा फटक फटक वाजल्या. तिनं खाली बघितलं, वर बघितलं नाही.

"वेवा!" एलादिओनं जिन्याकडे हाक मारली. "खाली ये. यांना दाखव एकदा."

ती एकेक पायरी थांबत खाली आली. संध्याकाळ होती. फळीवर चढायला तिला फुएनसांताचा खांदा धरावा लागला. एलादिओ गुडघे टेकून बसला, उजवा बूट हातात घेतला. जो बूट सगळ्या बायकांच्या पायांतून गळून पडत होता, तो वेवाच्या पायात बोटांच्या पुढं गेलाच नाही.

एलादिओनं पाय हातात घेतला. चामडं चाचपतो तसा अंगठा पावलावर दाबला, आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. तो त्या खड्ड्याकडे बघत बसला. सगळा जन्म चामड्यात गेलेला माणूस. अंगठ्याचा ठसा धरून ठेवणारं कातडं म्हणजे पाण्यानं भरलेलं कातडं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग त्यानं आपण होऊन डाव्या पायातली चिरलेली सपात काढली. तो पाय त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा हातात घेतला असेल.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

फुएनसांता हुंदके देऊ लागली.

"आणि मी लाकडाला पट्ट्या लावत बसलो," तो म्हणाला. "तू मला दाखवत होतीस, अन् मी लाकडाला पट्ट्या लावत बसलो."

इस्पितळात डॉक्टरीण शांतपणे बोलली. हृदय थकलंय, अंगात पाणी साठलंय, पाणी काढू, पण फार उशीर झालाय. आधी का नाही आलात, असं तिनं एलादिओला विचारलं. पाणी उतरलं तसे वेवाचे पाय इतके बारीक झाले की हाडं मोजावीत. मग तिला घरी पाठवलं. घरी पाठवतात याचा अर्थ काय, तो आमच्याकडे सगळ्यांना कळतो.

वरच्या खोलीत तो तिच्या पायथ्याशी बसून राही. खाली मशीन बंद होतं. त्या हंगामानंतर त्याच्या दारात कोण येणार होतं?

"बोलली का नाहीस?" एकदा त्यानं विचारलं. रागानंच विचारलं, दुसऱ्या कशानं विचारायची त्याला सवयच नव्हती.

"मग तू माझ्यासमोर कशाला बसला असतास?" ती म्हणाली. "फुएनसांतासमोर बसला असतास."

एलादिओ उठला आणि खाली गेला. खोक्यातून ती फेकलेली टेप शोधून वर घेऊन आला. पांघरूण बाजूला सारून त्यानं आधी उजवा पाय मोजला, मग डावा. डावा पुन्हा मोजला.

"डावा मोठा आहे," तो म्हणाला.

"आधीपासूनच आहे."

"आणि मी गावभर सांगत फिरलो, दोन्ही सारखे!"

"तू कधी विचारलंस का?" वेवा म्हणाली, आणि दम लागेपर्यंत हसली. या वेळी खरंच हसू आलं होतं.

त्यानं नवं लाकूड घेतलं आणि दोन कलबुतं स्वतः तासली, उजवं नि डावं, वेगवेगळ्या मापाची. कपाट उपसून गर्द हिरवं कातडं काढलं. शिवण फुएनसांतानं घातली, डोळे पुसत. तळ ठोकण्याचा आवाज वर वेवाला ऐकू जात होता, ती विचारी, "कुणाची ऑर्डर आली?" तो खालून ओरडे, "आहे एक किटकिट करणारं गिऱ्हाईक!"

एका सकाळी तो जोड घेऊन वर आला. घोट्यावर एक पट्टा, लहान बक्कल. वेवानं हात पुढं केले. उजवा तिनं उशीवर ठेवला आणि डावाच हातात धरून बसली, आत बोटं घालून, टाचेवरून अंगठा फिरवत.

"याचा डावाही आहे," ती म्हणाली.

"घाल."

"आत्ता नको. संध्याकाळी. सकाळी घातलेल्या बुटाचं काय खरं असतं?" ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "सगळ्या सकाळी मी तुला फसवलं. आता संध्याकाळीच बघू."

तो हो म्हणाला. खुर्ची ओढून बसला. दुपारी फुएनसांता रस्सा घेऊन आली. वेवानं दोन चमचे घेतले आणि मान वळवून पडून राहिली. ऊन भिंतीवरून खाली यायला लागलं होतं. एलादिओला वाटलं तिला झोप लागलीय, म्हणून तो चप्पल काढून अनवाणी फिरला, खिडकी लोटून घेतली. संध्याकाळ व्हायच्या आत कधीतरी तिचा श्वास थांबला. त्याला ते तिचा हात पांघरुणात घालायला गेला तेव्हा कळलं.

बायका आल्या, त्यांनी तिला धुवून पुसून काळा झगा चढवला. पायांना मात्र एलादिओनं कुणाला हात लावू दिला नाही. दिवे लागल्यावर तो पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसला. उजवा बूट चढवला, पट्टा लावला. मग डावा. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून त्यानं अंगठ्यानं टोकं चाचपली, बाजू चाचपल्या, आणि मान वर न करता विचारलं, "कुठं चावतोय का?"

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. फुएनसांताला राहवलं नाही.

"नाही चावत, मास्तर. छान बसलेत दोन्ही," ती म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?" एलादिओ म्हणाला. "मी तिला विचारतोय."

आणि अंगठा डाव्या बुटाच्या टोकावर तसाच ठेवून तो थांबून राहिला.